मुलांची सुटी कोणाची?

नाताळ जवळ आला म्हणजे खेड्यातील पाळकाच्या दारी दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. पहिला प्रकार तरुणांचा. त्यांस मंदिराच्या भिंतींकरिता चुना, ताऱ्याकरिता बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद हवा असतो, आणि तेवढे देऊन त्यांची बोळवण करता येते. दुसरा प्रकार आयांचा. त्यांची मुले वसतिगृहांतून आठ-दहा दिवसांकरिता घरी आलेली असतात. दोन दिवस लाड पुरवून झाले की तिसऱ्या दिवशी आई ओट्यापाशी येऊन म्हणते, "पाळकसाहेब, पोरं दिवसभर नुसता धुडगूस घालतात, त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा." हे बोलणे आम्ही पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहो, आणि त्यास "बरे, पाहतो" असे उत्तर देत आलो आहो. त्या बोलण्यात काही विचार करण्याजोगे आहे हे आमच्या ध्यानी फार उशिरा आले. ते कसे आले हे पुढे सांगू.

सुटी हा शब्द सुटण्याशी जोडलेला आहे. दाव्याचे वासरू सुटते, पदराची गाठ सुटते, कैदी बंदीतून सुटतो. जे बांधलेले असते तेच सुटते. आणि जे सुटले त्यास गुंतवावे अशी आपली मागणी असते. म्हणजे शाळेने जी गाठ सोडली ती आपण घरी पुन्हा मारावी. केवळ शब्दावरून सिद्धान्त काढू नये हे आम्ही जाणतो, तथापि या ठिकाणी शब्दांनी एक खरा प्रश्न आपल्यापुढे ठेवला आहे. मुलाची सुटी ही कोणाची? आईबापांची, मंडळीची, शाळेची, की त्या मुलाची स्वतःची?

प्रिय वाचकहो, आपल्या खेड्यांत हा प्रश्न शहरातल्यासारखा नाही. आपल्या भागात जिल्हा परिषदेच्या शाळांस हिवाळ्यातली मोठी सुटी दिवाळीस मिळते, नाताळास एखादा दिवस; मिशनच्या व इंग्रजी माध्यमाच्या शाळांस मात्र नाताळापासून नववर्षापर्यंत सुटी असते. हे दोन्ही काळ रब्बीचे आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नाताळात ज्वारी हुरड्यास येते, हरभऱ्यास घाटे धरतात आणि कांद्याची लागण चालू असते. शहरातील आईस, मुलास काय काम द्यावे, ही चिंता. आपल्या आईपुढे काम ढीगभर पडलेले असते आणि त्याच्याजवळच मोकळे मूल उभे असते. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी" ही म्हण तिच्या तोंडी सहज येते. (या म्हणीने एका कष्टाळू धंद्याची विनाकारण नालस्ती केली आहे, हे जाता जाता सांगतो.)

तेव्हा पहिला हक्क घर सांगते. तो अगदी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही स्वतः लहानपणी माळ्यावर उभे राहून गोफणीने ज्वारीवरची पाखरे हाकली आहेत, आणि त्या दिवसांविषयी आमच्या मनात कडवटपणा नाही. परंतु त्याचे कारण आज शोधू गेलो तर असे दिसते की माळ्याखाली आमचे आजोबा बसलेले असत. गोफण कशी वळावी, खडा केव्हा सोडावा, कोणते पाखरू कोणत्या बांधावरून येते, हे ते सांगत. दुपारी आगटी पेटवून हुरडा भाजीत. आणि आम्हांस कंटाळा आला की गोफण आपल्या हाती घेत. आम्ही त्यांच्याबरोबर काम करीत होतो. त्यांच्याऐवजी करीत नव्हतो. आमच्या मते सारा फरक येथे आहे. मोठ्या माणसाच्या शेजारी राहून केलेले काम हे मुलाचे शिक्षण होते, पुष्कळदा खेळही होतो. मोठ्या माणसाच्या जागी उभे राहून केलेले काम ही मजुरी होय, मग ती स्वतःच्या बापाच्या शेतात का असेना.

सरकारचा कायदाही येथे अडखळलेला दिसतो. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामास ठेवणे मना झाले. परंतु शाळा सुटल्यावर व सुटीच्या दिवसांत मुलाने आपल्या कुटुंबास, धोक्याचे नाही अशा कामात, मदत करण्यास मुभा राहिली. खेड्यातील जिणे पाहता ही मुभा अगदीच काढून टाकणे कठीण होते, हे खरे. पण याचा अर्थ असा झाला की शाळेच्या वेळेत मुलाचा कैवार घेण्यास कायदा उभा आहे, आणि सुटी लागली की तो बराचसा बाजूस सरतो. तेथून पुढे आईबापांच्या विवेकावाचून मुलास दुसरा कैवारी नाही. उसाच्या फडावर गेलेल्या मुलांची गोष्ट तर याहून दुःखाची आहे. दिवाळीची सुटी म्हणून जे मूल आईबापांबरोबर गाडीत बसून गेले ते मार्च-एप्रिलपर्यंत कोपीवरच राहते. त्याची सुटी कधी संपली आणि शाळा कधी सुटली हे त्यासही कळत नाही. त्यांच्याकरिता हंगामी वसतिगृहे आहेत. ज्या उपदेशकांच्या गावांतून टोळ्या जातात त्यांनी टोळी निघण्यापूर्वी शाळेच्या गुरुजींस भेटून त्यांची चौकशी करावी. गाडी हलल्यावर विचारून उपयोग नाही.

दुसरा हक्क मंडळी सांगते, आणि या ठिकाणी आम्हांस आपल्याच अंगणात झाडू मारावा लागेल. सुटी लागली की आम्ही पाळक मुलांस हाती धरतो. सकाळी गायनाची तालीम, दुपारी पाठांतर, संध्याकाळी नाटकाची तालीम, मध्ये मंदिराची झाडलोट. आईबापे संतुष्ट, आम्हीही संतुष्ट. पण आपली ही रीत कोठून आली हे पाहण्याजोगे आहे.

आपली शब्बाथशाळा जेथून सर्वत्र पसरली त्या इंग्लंडातील ग्लॉस्टर शहरी टाचण्या बनविण्याचे कारखाने होते, आणि त्यांत लहान मुले आठवड्याचे सहा दिवस राबत. रविवार हा त्यांचा एकुलता एक मोकळा दिवस. त्या दिवशी ती रस्त्यांत हुंदडत, आरडाओरडा करीत, शिव्याही देत. आणि शेजारच्या लोकांस त्याचा मनस्वी त्रास होई. तेथील एका वर्तमानपत्राचा चालक रॉबर्ट रेक्स याने १७८० साली या मुलांकरिता रविवारची शाळा काढली आणि १७८३ साली तिची हकीकत आपल्या पत्रात छापली. त्या शाळेचा क्रम त्याने लिहून ठेवला आहे. सकाळी दहानंतर येणे, बारास घरी जाणे, एकास परत येणे, धडा वाचून उपासनेस जाणे, आणि त्यानंतर साडेपाचपर्यंत प्रश्नोत्तरी घोकणे. मग मुलांस घरी सोडीत, परंतु एक ताकीद देऊन: गलबला न करता जावे, आणि रस्त्यात मुळीच खेळू नये.

त्या शाळेने हजारो गरीब मुलांस अक्षरओळख करून दिली, आणि तिचे उपकार आपल्या खेड्यांवरही आहेत. आमच्या आजीस वाचता आले ते शब्बाथशाळेमुळेच. ते उपकार विसरून आम्ही लिहीत नाही. परंतु सहा दिवस टाचण्यांत गेलेल्या मुलाचा सातवा दिवसही साडेपाचपर्यंत घेतला, आणि उरलेल्या उजेडात खेळू नको असे सांगितले, यात त्या मुलाचे हित किती होते आणि शेजाऱ्यांची शांतता किती होती? जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र काढले आहे. त्यात हातात काठी घेऊन बसलेली म्हातारी माणसे आहेत, आणि रस्ते मात्र खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले आहेत. संदेष्ट्यास जी देवाच्या कृपेची खूण वाटली, तीच ग्लॉस्टरच्या गृहस्थास उपद्रव वाटली. आपल्या मंदिराच्या अंगणात विटीदांडूचा दणका ऐकून आमच्या कपाळास आठ्या पडतात तेव्हा आम्ही या दोहोंपैकी कोणाच्या बाजूस असतो, हे सांगावयास नको.

याहून एक विचित्र गोष्ट इतिहासात आहे. प्युरिटन लोक हे कडक शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पार्लमेंटाने जून १६४७ मध्ये नाताळाचा सणच बंद केला. पण तो बंद करताना विद्यार्थी, उमेदवार कारागीर आणि नोकर यांचा विसावा बुडतो हे त्यांच्या ध्यानी आले, आणि त्यांनी दर महिन्याचा दुसरा मंगळवार त्यांस करमणुकीकरिता मोकळा दिला. सण नको म्हणणाऱ्यांनीही मुलाची सुटी हे मुलाचे देणे आहे असे मानले. आपण सण ठेवला आहे, आणि देणे मात्र बुडवीत आहो.

यावर शाळेतील कोणी म्हणतील, सुटी मुलाकरिता आहेच. ती घेऊन ते ताजेतवाने होते व पुढच्या सत्रात चांगले शिकते. हे म्हणणे वरून गोड, पण आम्हांस पटत नाही. पुढच्या नांगरटीकरिता विसावा देणे हे बैलाच्या बाबतीत ठीक आहे. शब्बाथाची आज्ञा पाहा. तीत घरधन्याच्या मागोमाग त्याच्या पुत्राचे व कन्येचे नाव आहे. दासदासी, गुरे आणि वेशीच्या आतला परका हे त्यांच्या नंतर. आणि तेथे विसाव्याचे कारण उद्याचे काम हे सांगितलेले नाही. आपण मोठी माणसे स्वतःकरिता ही आज्ञा काढून दाखवितो, परंतु त्या यादीत मुलगा-मुलगी आहेत हे वाचताना डोळा पुढे सरकतो. जगाच्या राष्ट्रांनीही १९८९ साली बालकांच्या हक्कांचा करार केला, आणि त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांती, रिकामा वेळ व खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला. आपल्या देशाने तो १९९२ साली मान्य केला आहे.

तिसरा हक्क सांगणारा अलीकडे प्रत्येक घरात खिशातून आला आहे. त्या मोबाइलविषयी आम्ही फार लिहीत नाही; पुष्कळ लिहिले गेले आहे. एवढेच म्हणतो की आईने मूल गुंतवावयास सांगितले, आम्ही कंटाळा केला, आणि ते काम त्याने बिनतक्रार केले. गुंतवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. मुलाने गप्प बसावे एवढेच जर आपणांस हवे असेल तर त्याच्यावर रागावण्याचा आपणांस अधिकार उरत नाही.

आता आम्ही ज्या गोष्टीने शुद्धीवर आलो ती सांगतो. आमच्या मंडळीत बारा वर्षांची एक मुलगी आहे. वसतिगृहात राहून शिकते. आवाज गोड, पाठांतर चोख. एका नाताळास आम्ही तिला नाटकात मरिया करण्याचे ठरविले. तालमीस ती दोन दिवस आली नाही, म्हणून आम्ही जरा तावातच तिच्या घरी गेलो. आई कांद्याच्या लागणीस जावयास निघाली होती, आणि मुलीच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ होता. आम्ही आईस चार शब्द सुनावले. मूल शिकावे, पुढे यावे, असे तुम्हांस वाटत नाही काय, असेही विचारले. तिने शांतपणे उत्तर केले, "साहेब, तुमच्या नाटकात ती बाळाला धरंल, माझ्या बाळाला कोण धरंल?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. पण आम्ही पाळक; उत्तर नसले तरी आमचे बोलणे थांबत नाही. तालमीची वेळ बदलू, बाळासही घेऊन ये, असे काहीबाही आम्ही सुचवू लागलो, आणि आई व आम्ही मिळून त्या मुलीच्या दिवसाची वाटणी करू लागलो: सकाळचा हा भाग घरास, दुपारचा हा भाग मंदिरास. एखाद्या बांधावरच्या आंब्याचे दोन भाऊ मिळून वाटप करतात तसे. तेवढ्यात, आपण न्यायी आहो असे दाखविण्याकरिता म्हणा, आम्ही मुलीकडे वळून विचारले, "बाळ, तुला काय पाहिजे?"

ती प्रथम काही बोलली नाही. मग भावाच्या डोक्यावरचे टोपडे नीट करीत, आमच्याकडे न पाहता म्हणाली, "एक दिवस मला कुणी हाक मारू नये."

वाचकहो, वसतिगृहात पहाटे पाचास घंटा होते. नंतर प्रार्थनेची घंटा, न्याहारीची घंटा, शाळेची घंटा, अभ्यासाची घंटा, निजण्याची घंटा. घरी आली की आईची हाक, आणि त्यावर आमची हाक. या मुलीस काम नको होते असे नाही. आळशी म्हणावे तर तिच्याइतके काम गावातील दहा जाणती माणसे करीत नसतील. आळस म्हणजे काय हे आम्ही सेमिनरीत पुस्तकातून शिकलो होतो आणि त्यावर उपदेशही केले होते. कर्तव्य समोर असून ते टाळणे तो आळस. परंतु ज्याच्यावर एका क्षणीही कोणते ना कोणते कर्तव्य लादल्यावाचून आपण राहत नाही, त्याने एक दिवस मागितला तर त्यास कोणते नाव द्यावे, हे त्या पुस्तकात नव्हते.

मोकळीक देणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या भागात शेततळी पुष्कळ झाली आहेत. त्यांच्या उतारास प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, आणि तो ओला झाला की इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यासही काठ धरता येत नाही. सुटीत पोहावयास गेलेली मुले अशा तळ्यांत बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. ज्यांच्या शेतात असे तळे आहे त्यांनी त्यास कुंपण घालावे, आणि काठावर खुंट पुरून गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवावा. हे काम नाताळाच्या रोषणाईच्या आधी करावे. मुलास हाक न मारणे आणि मुलावर नजर न ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मुलाने आपण होऊन शेजारी येऊन बसावे, अशी जागा घरात असावी. रब्बीच्या पाण्याची वीज पुष्कळदा रात्रीच येते आणि बाप बॅटरी घेऊन बांधावर जातो. सुटीत मुलास यावेसे वाटले तर एक-दोन रात्री त्यास घोंगडीत गुंडाळून बरोबर न्यावे. या दिवसांत अंधार पडला की थोड्या वेळाने पूर्वेकडे मृग वर येतो. त्याच्या पोटातील बाणाचे तीन तारे ओळीत दिसतात, आणि ती ओळ खाली वाढवीत नेली की ठळक व्याध सापडतो. वर कृत्तिकांचा पुंजका. ईयोबाच्या पुस्तकात देव ज्या नक्षत्रांविषयी विचारतो, यांची बंधने तुला बांधता येतात काय, सोडता येतात काय, ती हीच. बापास याहून अधिक ज्योतिष येत नसले तरी चालेल. दारे मोडता मोडता मूल जे प्रश्न विचारील त्यांतील निम्म्यांचे उत्तर "मलाही ठाऊक नाही" असे द्यावे लागेल. आम्हीही आमच्या मुलास तसेच देतो, आणि आमच्या अनुभवास आले आहे की त्याने आमचा मान कमी होत नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगणे राहिले. आम्ही घरी येऊन सर्व हकीकत सांगितली. आमच्या कुटुंबाने दुसऱ्या दिवशी ते बाळ आपल्याकडे आणून ठेवले, आणि मरियेचे काम दुसऱ्या एका मुलीस दिले गेले. तिचा आवाज तितका गोड नव्हता, आणि त्यावाचून नाताळाचे काही अडले नाही. आईने आपल्या मुलीस त्या दिवशी हाक मारली नाही. मुलगी दहापर्यंत निजली असे कळले. नंतर ती दिसेना. आई दोनदा दारात येऊन पाहून गेली, पण बोलली नाही. आजीबरोबर शेतात गेली असावी.

दिवस मावळताना आम्ही तालीम आटोपून मंदिरास कुलूप लावीत होतो. समोरच्या खळ्यात ती मुलगी बसली होती. भावास ती आमच्या घरून आपण होऊन घेऊन आली होती, आणि त्याच्यापुढे ज्वारीच्या चिपाडांची बैलगाडी करीत होती. साटी झाली होती, जू झाले होते, बैलांना शिंगेही होती. एक चाक मात्र पुन्हा पुन्हा निसटत होते, आणि ते निसटले की बाळ टाळ्या पिटून हसत होते. उद्याच्या गायनात एक आवाज कमी पडत होता, आणि तिचे नाव आमच्या अगदी ओठांवर आले होते. आम्ही कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि खळ्याच्या पलीकडच्या वाटेने घरी गेलो.